सतरा नंबरचा ऑटो पायी चालतो

चांदबीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे हात दाबण्यात गेलं. नांदेडच्या जुन्या वस्तीतली ही मणेरीण, वय पासष्टच्या पुढं. नवरीचा हात कितीही कडक असो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता बांगडी कधी चढली ते नवरीलाही कळायचं नाही. गिऱ्हाईक मात्र सगळं बुरूज चौकाच्या पलीकडं, नव्या कॉलन्यांमध्ये. आणि तो चौक म्हणजे नुसता कहर!

काचेचा माल घेऊन पळता येत नाही, आणि त्या चौकात न पळणाऱ्याला कुणी विचारत नाही, अशी सगळी पंचाईत. सिग्नल लाल असला तरी वळणाऱ्या गाड्या थांबतात थोड्याच! गेल्या वर्षी एका मोटारसायकलचा धक्का लागला. गुडघा कामातून गेला आणि चार डझन हिरव्या बांगड्या वाढल्या. बांगड्यांचंच जास्त वाईट वाटलं, असं ती सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तेव्हापासून तिला चौकाची धास्ती बसली होती.

मुलगा वाजिद ऑटो चालवतो. सकाळी त्याची शाळेच्या पोरांची फेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळं आईला सोडायला तो कुठून येणार? "अम्मी, अब बस करो, घर में बैठो," एवढंच तो म्हणायचा. त्यावर चांदबी दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही. घरी बसलेली मणेरीण म्हणजे तिच्या लेखी निम्मी मेलेली बाई.

यंदा हिवाळ्यात विष्णुपुरीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मंडळी चाचणीसाठी चौकात आली. खांबावर सेन्सर बसले. सिटी बस आणि चाळीस ऑटोंमध्ये एकेक डबी बसली. डबीवाली गाडी चौकात शिरली की खांबाला कळायचं, आणि बाकीच्या डब्या पीं पीं करून ड्रायव्हरला सांगायच्या, "समोर गाडी आडवी येतेय, हळू घ्या." वाजिदच्या ऑटोला सतरा नंबरची डबी मिळाली.

वाजिदनं चार दिवस हा सगळा तमाशा बघितला. पाचव्या दिवशी डबी ऑटोतून काढली, पॉवर बँकेला जोडली आणि आईच्या पिशवीत टाकली.

"ये क्या डाल्या रे?"

"तावीज समझो, अम्मी. निकालना नक्को."

त्या दिवशी चांदबीनं झेब्रा पट्ट्यावर पाय टाकला आणि बस थांबली. मागून कुणी मोठा साहेब येतोय वाटून तिनं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं! आठवड्याभरात बाईंचा तोराच बदलला. मध्येच थांबून पदर सारखा करणं काय, ट्रॅफिक हवालदाराला त्याच्या बायकोची खुशाली विचारणं काय, विचारू नका.

इकडं कॉलेजात, डब्या कुठं कुठं फिरतात त्याच्या नोंदी बघणारी आरती चक्रावली. सतरा नंबरचा ऑटो रोज सव्वादहाला झेब्रा पट्ट्यावरून मुंगीच्या चालीनं जातो, मध्ये थांबतो, मग ऑटो मावणारच नाही अशा बोळात शिरतो आणि एकेका घरात अर्धा तास बसतो! शेवटी मोबाईलवरचा ठिपका बघत बघत ती निघाली आणि थेट एका ओसरीवर बांगड्या भरत बसलेल्या चांदबीसमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, तुमच्याजवळ ऑटो आहे का?"

"पिशवीत?" चांदबी हसली.

पिशवीतून डबी निघाली. आरतीनं सगळं समजावून सांगितलं तसं हसू मावळलं.

"म्हंजी ते मला थांबत नव्हते?"

आरतीनं डबीची वायर पॉवर बँकेतून काढली.

"धा दिवस लई खुश होऊन राहिले होते ग पोरी. वाटलं, शहराला अक्कल आली. ह्यांच्या माया-बहिणींना मी बांगड्या भरल्या, आन् हे थांबले कुणाला, तर डबीला!"

आरतीला मनापासून लाज वाटली. पण चाचणी फक्त गाड्यांची होती, डबी परत ऑटोत लावणं भाग होतं. "चालणाऱ्यांसाठीही डबी पाहिजे, असं मी अहवालात लिहिते," ती म्हणाली.

"कवा येईल ती?"

"माहीत नाही, मावशी," आरतीनं खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वाजिद म्हणाला, "आज नक्को जाओ अम्मी." पण कॉलनीतल्या उज्ज्वलाचा लग्नाचा चुडा भरायचा होता. नवरीला ताटकळत ठेवणं चांदबीला जमणारं नव्हतं. ती बांगड्यांची पेटी उचलून निघाली.

चौकाच्या कडेला मात्र तिचे पाय अडले. दोन वेळा पुढं टाकलेला पाय तिनं मागं घेतला. तिसऱ्यांदा अल्लाचं नाव घेऊन ती पट्ट्यावर उतरली, तोच वळणावरून सिटी बस आली.

बसचा वेग लांबूनच कमी झाला. बस थांबली. मागच्या ऑटोवाल्यांनी हॉर्न बडवून चौक डोक्यावर घेतला, तरी जागची हलली नाही. खिडकीतून ड्रायव्हर भीमाशंकरनं डोकं बाहेर काढलं.

"चाची, आज मशीन वाजलं न्हाई! म्हणलं सव्वाधा झाले, चाची कुठं राहिली? तब्येत बरी हाय न्हवं?"

"हौ बाबा, बरी हाय," चांदबी कशीबशी म्हणाली. दोन्ही हातांत काचेची पेटी होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तशीच भरल्या डोळ्यांनी, अजिबात घाई न करता, ती पलीकडं गेली.