दारात नाकारलेला तुकडा

आमच्या दूध केंद्रावर बुरुलचा नावाची आपा, म्हणजे आम्हा सगळ्यांची थोरली ताई, बावीस वर्षं दूध मापते आहे. नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. "हृदय बंद पडलं," असं घरच्यांनी सांगितलं आणि गावाने ते मानून घेतलं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात मात्र आपा सगळ्यांसमोर उभी राहिली.

"त्याचं हृदय घोड्यासारखं होतं. आजारी होतं ते मन. आणि आपण कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही."

तेव्हापासून लग्नघरात तिला कुणी मानाच्या जागी बसवत नाही. ती दाराजवळ बसते आणि पोटभर जेवते.

गेल्या वसंतात आमचा ड्रायव्हर कुबात तीन आठवडे आला नाही. त्याची आई काल्बुबू हिने कंबरदुखी सांगितली. मी रजेच्या अर्जावर तेच लिहिलं.

आपाने तो वाचला. "कंबर दुखली म्हणून कुणी, कुबातने दिला तसा, आपला लाडका घोडा शेजाऱ्याला फुकट देतो का, हिशेबनीसबुवा?"

ती तडक त्याच्या घरी निघाली. मी गाडी काढली.

आमच्याकडे दारात आलेला माणूस नानचा तुकडा चाखल्याशिवाय परत गेला, तर घराची अब्रू जाते. काल्बुबूने तुकडा पुढे केला.

"कुबातच्या हातून घेईन."

"झोपलाय तो."

"मग उठेपर्यंत बसते."

ती उंबऱ्यावरच बसली. शेजारणी कुंपणाशी जमल्या.

"स्वतःच्या नवऱ्याला गिळलंस, आता माझ्या दारात अवदसा आणतेस?" काल्बुबू ओरडली.

"अजून मोठ्याने बोल बाई. आत त्याला कळू दे, मी आलेय."

दुपार कलल्यावर कुबात बाहेर आला. दाढी वाढलेली, हातात नान. आपाने आधी शेजारणींना हाकललं, "जा, दूध उतू जातंय तुमचं!" मग हळूच विचारलं, "कुबात, मरून जावं असं वाटतं का रे?"

त्याने नानचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला.

"रोज."

काल्बुबूने कुंपणापलीकडे पाहिलं. "लोक काय म्हणतील गं?"

"सांग, बुरुलचाने नेलं. मला नावं ठेवायची सवय आहे त्यांना."

मग तिने तुकडा तोंडात टाकला. "शिळा आहे," म्हणाली आणि दोघा मायलेकांना माझ्या गाडीत बसवलं. नारीन शहरातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे आम्ही संध्याकाळच्या आत पोहोचलो.

कुबातने नवा अर्ज स्वतः लिहिला: मनाचं दुखणं, उपचार चालू. मी सही केली. अजूनही तो दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे जातो, आणि आपा सोबत असते.

घोडा मात्र शेजाऱ्याने परत केलेला नाही. उद्या आपा त्याच्या दारात बसणार आहे.