पाऊणपटीचा समुद्र

बॉस्टनहून विमान सुटलं आणि सुवर्णा नाखवाने पट्टा सैल केला, घट्ट केला, पुन्हा सैल केला. शेजारी तिची लेक अनिका मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, स्टॉप. अजून सहा तास जायचेत."

"मग? सहा तास काय पुतळा होऊन बसू?"

सुवर्णा बासष्ट वर्षांची. जन्म अलिबागच्या कोळीवाड्यातला, पण गेली सव्वीस वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत. त्यातली एकोणीस वर्षं एका सुपरमार्केटच्या मासळीच्या काउंटरमागे उभी. समोर बर्फ, मागे बर्फ, हातात सुरी. तिथल्या मराठी मंडळात सगळे सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर, बँकवाले. मासे कापणारी ही एकटी. त्याची तिला लाज नव्हती, उलट मिजास होती. ती फ्रान्सला निघाल्याचं कळल्यावर मंडळातली आसावरी गोड आवाजात म्हणाली होती, "अय्या, फ्रान्स! सुवर्णाताई, तिकडच्या फिश मार्केटला नक्की जा हं. तुम्हाला आवडेल."

"जाईन की. तुझ्यासाठी पण आणते काहीतरी वासाचं. खात नाहीस ना? मग उशाला घेऊन झोप."

त्यानंतर आठवडाभर मंडळाच्या ग्रुपवर कोणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही.

पण विमानात तिला चैन पडत नव्हती ती आसावरीमुळे नाही. मार्चमध्ये काउंटरमागे वितळलेल्या बर्फावरून पाय घसरला आणि तिचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघायच्या आत एकदा दूध गॅसवर राहिलं. धुराचा भोंगा वाजला आणि अख्खी बिल्डिंग कुडकुडत रस्त्यावर उतरली. अनिका ओहायोतल्या डब्लिनला फार्मासिस्ट आहे. ती दुसऱ्याच दिवशी येऊन थडकली, काळं पडलेलं पातेलं बघितलं आणि निकाल दिला: काम सोड, हे घर सोड, माझ्याकडे राहायला ये. खालच्या मजल्यावर खोली आहे, जिनासुद्धा चढायला नको.

"तुला आता अंदाज राहिला नाहीये, आई."

हे वाक्य सुवर्णाला मनगटापेक्षा जास्त दुखलं. नवरा, कुमार, गेल्यापासून सहा वर्षं ती एकटी राहत होती ती अंदाजावरच. मासा ताजा की शिळा, ग्राहक घेणार की नुसता विचारणार, बर्फ पडायच्या आत घरी पोचू की नाही, सगळा अंदाज. "विचार करते," ती म्हणाली. मे महिन्यात पुन्हा काउंटरवर उभी राहिली आणि विचारच करत राहिली.

शेवटी अनिकाने वेगळी खेळी केली. श्रूजबरीत त्यांच्या दातांच्या डॉक्टरकडे भिंतीवर एक फोटो आहे: चहूकडे पाणी, मध्ये खडक, खडकावर दगडी इमारत, तिच्या टोकाला सुळका. सुवर्णा तो पहिल्यांदा बघून ओरडलीच होती, "हा तर आपला कुलाबा!" अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जायचं, भरतीला होडीने. नर्सने समजावून सांगितलं की हे मॉं-सां-मिशेल, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं बेट, वर हजार वर्षांपूर्वीचा मठ. तोही असाच, ओहोटीला चालत गाठायचा. त्या दिवसापासून सुवर्णाने दातांची एकही अपॉइंटमेंट चुकवली नव्हती.

"चल, तुला तिथे नेते," अनिका म्हणाली. "पण परत बॉस्टनला उतरू तेव्हा मला उत्तर हवं. येस ऑर नो."

आमिष आहे हे सुवर्णाला कळत होतं. जन्मभर आमिष लावून मासे धरणाऱ्या माणसांची ती पोर. तरी तिने गिळलं.

सप्टेंबरच्या शेवटी, दुपारी साडेचारला, त्या दोघी बसने पुलावरून बेटाकडे निघाल्या. पूल बघून सुवर्णाचं तोंड कडू झालं. "पूल बांधून ठेवलाय मेल्यांनी. मग समुद्राला विचारायचं काय राहिलं?" पुलाच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ओली करडी रेती. पाण्याचा पत्ता नाही.

तिने मनातल्या मनात गणित मांडलं. बापाने शिकवलेलं, घड्याळ न बघता करायचं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले, म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, तिथून सहा तासांनी, साडेसातला, पुरी ओहोटी. हे गणित तिने बॉस्टनजवळच्या रिव्हेअरच्या किनाऱ्यावर कैक रविवारी ताडून बघितलं होतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, पण जुळायचं. तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं की समुद्र इथून तिथून एकच.

दीडला भरती झाली आणि साडेचारला इतकी कोरडी रेती? एक शंका डोकावली. पण किनारा सपाट आहे, पाणी भराभर उतरत असेल, असं म्हणून तिने शंकेला दार लावून घेतलं.

मठात जायला साडेतीनशे पायऱ्या. अनिका दर वळणावर थांबायची, "दमलीस का?" आणि सुवर्णा दर वेळी तिच्या पुढे चार पायऱ्या जायची. वर बारीक खांबांच्या ओवऱ्या, मधोमध हिरवी चौकट, माणसं डोळे मिटून शांत बसलेली. सुवर्णाने बसून बघितलं. अर्ध्या मिनिटात उठली. शांत बसलं की उत्तर मागायला कोणीतरी समोर येऊन उभं राहतंय असं वाटायचं. हो म्हणावं? खोली आहे, लेक आहे. नाही म्हणावं? कशाच्या जोरावर?

खालच्या एका दालनात दोन माणसं उभी आत मावतील एवढं लाकडी चाक होतं. अनिकाने कानातल्या गाइडचं ऐकून सांगितलं, "हा मठ मधली काही वर्षं जेल होता. कैदी या चाकात चालायचे. चाक फिरलं की दोराने खालून सामान वर यायचं."

"म्हणजे दिवसभर चालायचं आणि पोचायचं कुठेच नाही?"

"येस."

"आणि त्यांची नावं कुठे लिहिलीत?"

अनिकाने भिंती बघितल्या. "आय डोन्ट थिंक सो."

"देणगी देणाऱ्या राजांची असतील बघ," सुवर्णा म्हणाली आणि इतक्या मोठ्याने फुसकारली की दोन जपानी बायका बाजूला सरकल्या.

सहाला मठ बंद झाला. खाली वेशीशी आल्यावर सुवर्णा बसकडे न वळता रेतीकडे वळली. "गड समुद्राकडून बघायचा असतो. मागून एक चक्कर मारू."

"आई, थांब. टाइड कधी आहे ते बघते." अनिकाने फोन काढला.

"ठेव तो. कोळ्याच्या पोरीला समुद्र शिकवतेस? साडेसातला पुरी ओहोटी. अजून पाणी उतरतंय."

"आर यू शुअर?"

"या एका गोष्टीत तरी मला अंदाज आहे असं धर."

टोमणा वर्मी लागला. अनिकाने फोन खिशात टाकला. वेशीच्या भिंतीवर फ्रेंच अक्षरं आणि आकडे लिहिलेली एक पाटी होती, तिच्याकडे दोघींनीही बघितलं नाही. बूट हातात घेऊन त्या निघाल्या. समोरून अनवाणी माणसांचा एक घोळका वाटाड्यामागून परत येत होता. वाटाड्याने हात हलवून काहीतरी ओरडून सांगितलं. सुवर्णानेही हसून हात हलवला.

बेटाला वळसा घालून त्या मागच्या अंगाला आल्या. घोट्याएवढ्या पाण्याचा एक ओहोळ ओलांडून पुढे गेल्यावर सुवर्णाने वळून बघितलं. अंगावर येणारा खडक, त्यावर भिंती, भिंतीवर भिंती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला बापाच्या होडीत बसल्यासारखं वाटलं. अनिका तिचे फोटो काढत होती. "छान दिसतेयस," ती म्हणाली, आणि मग चाचरत, "डब्लिनला पण एक नदी आहे, आई. वॉक आहे काठाने."

सुवर्णाचं लक्ष ओहोळाकडे गेलं होतं. मघाशी तो समुद्राकडे वाहत होता. आता मठाकडे वाहत होता.

मग आवाज आला. तेल तापायला लागल्यावर कढईतून येतो तसा बारीक. लांबवर रेतीवर एक पांढरी रेघ होती आणि ती जवळ सरकत होती.

"अनिका," ती शक्य तितक्या सावकाश म्हणाली, "पाणी चढतंय. माझं चुकलं. चल."

"व्हॉट डू यू मीन, चुकलं?"

"चल म्हणते ना!"

ओहोळात आता पिंढरीएवढं पाणी होतं. पलीकडे पोचताच अनिका वेशीच्या दिशेने सरळ रेषेत धावत सुटली. "तिकडून नको! चकचकीत रेतीवरून नको!" सुवर्णा ओरडली, पण तोवर अनिकाच्या पायाखालची रेती दह्यासारखी थरथरली आणि तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ती ओढायला लागली तसा आणखी रुतला.

"ओढू नको. खाली बस. बस म्हणते! मागे रेल आणि पाय घोळव, पाणी आत शिरू दे." सुवर्णा स्वतः पोटावर पसरली आणि लेकीच्या दंडाला धरून तिने मागे खेचलं. डाव्या मनगटातून कळ थेट खांद्यात गेली. पाय सुटला, बूट आधीच कुठेतरी वाहून गेले होते. "आता माझ्या मागे. लाटांची नक्षी उमटलीय त्याच रेतीवर पाय ठेव. ती घट्ट असते. पळायचं नाही."

वेशीशी पोचल्या तेव्हा पाणी गुडघ्यांना लागलं होतं आणि मागे जिथे त्या उभ्या होत्या तिथे रेती उरलीच नव्हती. गणवेशातला एक माणूस धावत आला, दोघींना पायरीवर ओढून घेतलं आणि फ्रेंचमध्ये तोंडाचा पट्टा सोडला. बोट त्या पाटीवर आपटत होता. २१:१२.

"भरती नऊ बाराला," अनिका फोनमधलं भाषांतर वाचत, दात वाजत असताना म्हणाली. "दर दिवशीचं टाइम इथे लिहितात. तो म्हणतोय, इथल्या शाळेतल्या मुलांनासुद्धा माहीत असतं."

सुवर्णा, जिने आजवर कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. बापाचं गणित खोटं नव्हतं. बापाच्या किनाऱ्याचं होतं. बॉस्टनला जुळलं हा निव्वळ योगायोग, आणि त्या योगायोगावर ती लेकीला घेऊन पाण्यात गेली होती.

"तू इतकी शुअर होतीस," अनिका म्हणाली.

"होते."

"मला फोन बघू दिला नाहीस. आपण मेलो असतो, आई."

"मेलो असतो." सुवर्णाने तिच्या पायावरचा चिखल आपल्या ओढणीने पुसायला घेतला. "चुकले मी, पोरी."

एकतीस वर्षांत हे शब्द अनिकाने आईच्या तोंडून ऐकले नव्हते. तिला भांडायचं होतं, पण रडू आलं.

पुढचे दोन दिवस डब्लिनचं नाव कोणीच काढलं नाही, आणि तेच सुवर्णाला खात होतं. आता नाही म्हणायला तोंड कुठे होतं? हॉटेलात ती पलंगावरून उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. विमानात तर "हो, येते" हे शब्द तीनदा ओठांवर आले. तिन्ही वेळा तिने एअर होस्टेसकडे पाणी मागितलं.

बॉस्टनला उतरल्या. अनिकाला तिथून डब्लिनजवळच्या कोलंबसचं विमान धरायचं होतं, सुवर्णाला श्रूजबरीजवळच्या वूस्टरची बस. सामानाच्या पट्ट्याशी उभ्या असताना अनिका म्हणाली, "वेल?"

"नाही येत."

"आई! जे झालं त्यानंतरसुद्धा?"

"जे झालं म्हणूनच. मी एका किनाऱ्याचं गणित दुसरीकडे लावलं आणि आपटले. तू एका पातेल्याचं गणित माझ्या सगळ्या जगण्याला लावतेयस."

"दॅट्स नॉट फेअर. तू चुकलीस, आणि मोठी चुकलीस."

"चुकले. पुन्हाही चुकेन. पण चुकल्याचं मला पाण्याने सांगितलं आणि ते मला ऐकू आलं, हे तू पण बघितलंस. तुझ्या डब्लिनच्या खोलीत काय गं? जिना नाही, गॅस नाही, तिथे मला चुकायलासुद्धा काही नाही. त्या चाकातल्यासारखी चालत राहीन दिवसभर."

पट्ट्यावरून लोकांच्या बॅगा फिरत होत्या. अनिकाचा चेहरा लाल झाला होता. कुमारचा राग तसाच्या तसा उचललेला. ती वळली, आईची बॅग पट्ट्यावरून हिसकली आणि बसच्या थांब्यापर्यंत ओढत नेली. सुवर्णा मागून जवळजवळ पळत. लेक नातं तोडून टाकणार की काय, ही धाकधूक होती, पण शब्द परत घ्यायची तिची तयारी नव्हती.

थांब्यावर अनिकाने बॅग आदळली. "सोमवारी कामावर जाणारेस?"

"जाणार."

"किती वाजता निघतेस?"

"सहाला."

"मग साडेपाचला फोन करीन. रोज. उचलला नाहीस तर सरळ पोलिसांना घरी पाठवीन."

"पाठव," सुवर्णा म्हणाली. "चहा देते त्यांना."

"गॅसवर नको करूस," अनिका म्हणाली, आणि हसू आवरायच्या आत पाठ फिरवून आपल्या विमानाकडे चालू लागली.