मॉडेल ऐकून घेणारा माणूस

पीएच.डी.च्या सगळ्या वर्षांत माझं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं ते एकाच माणसानं, आमच्या कबनूरच्या गल्लीतल्या जॉबरमामांनी. ते इतकं मन लावून का ऐकत होते, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. मी ज्या आजाराचे आलेख त्यांना समजावत होते, तोच आजार त्यांच्या पोटात होता. हे लिहावं की नाही याचा मी खूप विचार केला. नीट जमेल याची अजूनही खात्री नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागांवर पाळी करायचे, आई घरी सुताच्या कांड्या भरायची. मी कोल्हापूरला वसतिगृहात राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी यायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या विभागात बाकीचे सगळे जिवाणू आणि बुरशीवर काम करणारे. एकानं बाटली धरायची, दुसऱ्यानं ओतायचं, अशी त्यांची कामं होती. त्यातून चेष्टा व्हायची, भांडणं व्हायची, डबे वाटून खाल्ले जायचे. माझ्या वाट्याला कोपऱ्यातला संगणक आला होता. गाईड भले होते. "करा तुम्ही. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण करा," म्हणायचे. दिवसभरात मी बोललेली वाक्यं कधीकधी मोजण्याइतकी असायची, आणि त्यातली निम्मी मेसमधली.

काम समजायला तसं अवघड नव्हतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बाहेरून निरोप मिळतो की आता विभागा. त्या निरोपामुळे पेशीच्या आत एक प्रथिन साठतं. निरोप थांबला की ते प्रथिन मोडून टाकणारी एक टोळी आत कायम तयार असते. आतड्याच्या कर्करोगात पुष्कळदा या टोळीतलाच एक भाग निकामी झालेला असतो. मग निरोप आलेला नसतानाही पेशीला वाटतं, तो येतोच आहे. मी याचं मॉडेल समीकरणांत मांडायचे आणि संगणकाला सोडवायला द्यायचे. कागदावर दोन रेघा यायच्या. निरोगी पेशीची रेघ वर जाऊन खाली उतरायची. बिघडलेल्या पेशीची वरच राहायची.

गल्लीत माझ्या या कामाची नुसती थट्टा व्हायची. चहाच्या गाड्यापाशी कुणीतरी म्हणायचंच, "काय शास्त्रज्ञ, घावला का क्यान्सर?" दुसरा म्हणायचा, "घावला आसंल, पर पासवर्ड इसरली." मी हसून पुढं जायचे. आई विचारायची, "खुर्चीत बसून करतीस न्हवं?" मी हो म्हटलं की तिचं समाधान व्हायचं.

मामा जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करायचे. नुसत्या आवाजावरून कुठला भाग सैल झालाय ते सांगायचे. एका रविवारी ते आमच्या उंबऱ्यावर बसले होते आणि माझ्या मांडीवर त्या दोन रेघांचा कागद होता.

"ही रेघ खाली का येत न्हाय, पोरी?"

मी सांगितलं. आधी भीतभीत, मग भराभरा. ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "म्हंजे काटा बांधल्यागत झालं की."

आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा म्हणून मागाला एक लोखंडी काटा असतो. सारखं थांबणं परवडत नाही, म्हणून काही कामगार तो दोऱ्यानं बांधून ठेवतात. मग धागा तुटला तरी माग चालतच राहतो आणि विरळ, खराब कापड निघत राहतं.

"अगदी तसंच," मी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की परतीच्या एसटीत मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर दर रविवारी मामा यायचे. मी आठवडाभर रविवारची वाट बघायचे. प्रश्न त्यांचेच असायचे. काटा एकाएकी बिघडतो का हळूहळू? बिघडल्यावर माणसाला कळतं का? एकदा त्यांनी रस्त्याकडं बघत विचारलं, "परसाकडंला रगत जातंय म्हणतेत त्यात. तेबी लिवलंस का तुझ्या संगणकात?"

"नाही मामा, यात रक्त नसतं. फक्त एका पेशीतली प्रथिनं," मी म्हणाले. आणि प्रथिनांबद्दल पुढं बोलत राहिले.

ते "व्हय व्हय" म्हणाले. मला तो प्रश्न थोडा भाबडा वाटला होता, हेही सांगायला हवं. मी त्यांच्या लेकीच्या वयाची. दुसऱ्या कुठल्या शब्दांत ते मला हे विचारणार होते? घरी त्यांनी मूळव्याध सांगितली होती आणि कुणीतरी दिलेली औषधाची पुडी ते घेत होते. हे नंतर कळलं.

पुढं माझे निष्कर्ष लिहायचे दिवस आले आणि माझं घरी जाणं कमी झालं. मग एक दिवस वसतिगृहाच्या फोनवर आईचा निरोप आला. मामांना कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलंय, ऑपरेशन हाय, तू जवळ हायस तर डबा दे. आजाराचं नाव आईनं घेतलं नाही. "तुझ्याच त्या अभ्यासातलं," एवढंच म्हणाली.

मी मेसमधून मऊ भात घेऊन गेले. मामा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मामी औषधं आणायला गेल्या होत्या. मी डबा घेऊन खाटेपाशी गेले.

"मामा, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

ते वळले. आवाजात राग नव्हता. "सांगिटलं की तुला. तू म्हनलीस, ह्यात रगत नसतंय."

मी डबा टेबलावर ठेवला. झाकण उघडायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन मी एक वेडेपणा केला. माझ्या मॉडेलमधला काळ तासांत चालायचा. मामांनी रक्ताचं विचारलं त्या रविवारपासून दवाखान्याच्या दिवसापर्यंत जेवढा काळ गेला होता, तेवढा मी त्याला चालू दिला. संगणक सकाळपासून दुपारपर्यंत गुरगुरत होता. रेघ सुरुवातीलाच वर गेली आणि मग सपाट होऊन कागदाच्या दुसऱ्या टोकापर्यंत तशीच गेली. मॉडेलच्या लेखी त्या महिन्यांत काहीच घडलं नव्हतं. गणित बरोबर होतं. एका पेशीपुरतं तेवढंच खरं होतं. मी तो कागद कुणाला दाखवला नाही. प्रबंधातही घातला नाही. मामा दवाखान्यात लवकर आले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

माझी तोंडी परीक्षा पार पडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन-तीन प्रश्न विचारले, गाईडनी पेढे मागवले. मी संध्याकाळच्या आत कबनूरला आले. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. मामांचा पेढा घेऊन मी स्वतः गेले.

ते दारात खुर्चीवर बसले होते. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटाला पिशवी लावलेली, ती दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही मांडीवर शाल. चहाच्या गाड्यावर ते आता जात नसत. त्यांच्याकडंही कुणी फारसं येत नसे. पुढं दोन वर्षं ते त्याच खुर्चीत होते.

"झालं का पुरं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"सांग की मग. शेवट काय निघाला?"

माझ्या हातातल्या थैलीत प्रबंध होता. त्यांच्या काट्याचा दाखला मी त्यात एका ओळीत घातला होता आणि तोच त्यांना दाखवायचं ठरवून आले होते. थैली मी खाली ठेवली.

"आधी तुम्ही सांगा, मामा. पहिल्यांदा कधी कळलं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. शेजारच्या शेडमधले माग चालू होते. त्या आवाजात आपलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. शाल सारखी करत ते म्हणाले, "जत्रंच्या दुसऱ्या दिशी. मटनानं झालं आसंल म्हनलं..."

मी पायरीवर बसले. ते थांबत थांबत बोलत राहिले. त्यांना पडलेल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मला माहीत होती. मी मध्ये बोलले नाही.