सगुणाबाईचं बेट

सगुणाबाई गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं. ब्रह्मपुरीच्या बाजारात तिच्या वस्तीतला एक म्हातारा ढीवर भेटला. डोक्यावरची मासळीची टोपली खाली न ठेवताच म्हणाला, "बाई, आमची सगुणा गेली. तापानं." एवढंच. मी वांगी घ्यायला थांबले होते... न घेताच परतले.

पाच वर्षांपूर्वी मी चांदा जिल्ह्यात नवी शिक्षिका म्हणून आले, तेव्हा वैनगंगेपलीकडच्या शाळेत जायला तिचाच डोंगा होता. बायका सहसा डोंगा चालवत नसत. नवरा पुरात गेल्यावर हिनं तो हाती घेतला. पूर ओसरला की नदीच्या वाळूत डांगराचे वेल लावायची, पावसाळ्यात माणसं पार करायची.

भादव्यातल्या एका सकाळी डोंग्यात आम्ही दोघीच होतो. पात्राच्या मधल्या बेटावर तिनं चरायला सोडलेली शेळी होती, ती घ्यायला उतरलो. शेळी सापडेपर्यंत पाणी चढलं आणि खुंट्यासकट डोंगा वाहून गेला. वर भंडाऱ्याकडे कुठं पाऊस झाला असावा. आमच्या डोक्यावर तर कडक ऊन होतं.

बेटाच्या वरच्या टोकाला उंच कडा होता, त्यावर एक जांभूळ. मी तिथं जाऊन बसले. सगुणाबाईनं वाकून कड्याखाली पाहिलं.

"उठा बाई. इथी नाई बसायचं."

"का? सगळ्यात उंच जागा हीच आहे."

"उंच आहे, पण खालून पोकळ होऊन राह्यली. धार इथी धडकते, माती कापते अन् शेपटाले नेऊन टाकते. तिकडं चला."

शेपटाला, म्हणजे बेटाच्या खालच्या टोकाला, तर घोटाभर पाणी होतं. नदी झीज करते, भर घालते, हे वाक्य मी मुलांकडून दहादा घोकून घेतलं होतं. पण मी जांभळाचं खोड सोडेना. शेवटी तिनं मनगट धरून मला ओढत नेलं. आम्ही अर्ध्या वाटेत असताना मागे बैलगाडीएवढा तुकडा सुटला. फार आवाजही झाला नाही... मी बसले होते ती जागा नव्हती.

मग दीड दिवस आम्ही दोघी आणि ती शेळी, गुडघाभर पाण्यात. दोन्ही काठ दिसत होते, काठावरची माणसंही दिसत होती, पण त्या धारेत कुणी डोंगा घालेना. मी हाका मारून थकले, मग रडले. ती मधूनमधून एवढंच म्हणे, "पाय उचलत राहा, नाईतर रुतान." पाय उचलला की खाली नवी वाळू लागायची.

दुसऱ्या सकाळी मी तिला विचारलं, "नवरा याच नदीनं नेला, तरी तुम्ही इथंच राहिलात?"

ती शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "कुठी जाऊ? पोरगं लहान होतं. दुसरं कायी येत नाई मले." थोड्या वेळानं म्हणाली, "दरसाल वाटते, हे सोडून जाव. मंग वाळू उघडी पडते, अन् पेराची वेळ होते."

दुपारी पाणी उतरलं. जांभूळ, कडा, सारं गेलं होतं. आणि काल जिथं पाणी होतं तिथं आम्ही ओल्या वाळूवर उभ्या होतो.

परवा, कार्तिकात, तिच्या झोपडीत गेले. सून देवकी राखेत जपून ठेवलेल्या डांगराच्या बिया निवडत होती. "यंदा कुठी पेराव, आई सांगून नाई गेली," ती म्हणाली. आम्ही दोघी पात्रात उतरलो. पुरानं सगळं बदललं होतं. मला काहीच ओळखू येईना. एक पांढरी, सपाट जागा बघून मी पुढं झाले.

देवकीनं माझा दंड धरला. "तिकडं नाई बाई. खाली दलदल आहे."

"तुला कसं कळलं?"

तिनं टाचेनं थोडी वाळू दाबून पाहिली, दहा पावलं डावीकडे गेली... आणि खाली बसून हातानं पहिला खड्डा उकरू लागली.