खंडेनवमीला धुतलेला कॉम्प्युटर

"सगळा पुसून नवा टाका ना मग," अण्णा माझ्या खुर्चीमागून म्हणाले.

कॉम्प्युटर अडला की हा सल्ला मला सगळीकडे फुकट मिळतो. मी रोह्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्या दिवशी हमरापूरला अण्णांच्या गणपती कारखान्यात बसलो होतो. मूर्तीचं मॉडेल करायचा प्रोग्राम उघडत नव्हता. स्क्रीनवर एकच तक्रार, अमुक लायब्ररी सापडत नाही.

अण्णांची सून सुजाता बाजूला उभी होती. तिनं या प्रोग्राममध्ये गणपतीचं मॉडेल केलं होतं, आयुष्यातलं पहिलंच. दुपारपर्यंत फाइल पनवेलला गेली तर तिथे थ्रीडी प्रिंट निघणार, त्यावरून रबराचा साचा होणार. नाहीतर नंबर थेट दिवाळीनंतर, तोवर पुढच्या गणपतीच्या मूर्ती पाडायला सुरुवात झालेली, म्हणजे पुन्हा अण्णांचंच जुनं मॉडेल. अण्णांना त्याचं फार वाईट वाटेल असं काही दिसत नव्हतं.

या मशीनवर विंडोज नाही, लिनक्स सिस्टिम आहे. त्यातला प्रोग्राम सगळी कामं एकटा करत नाही, बरीचशी लायब्ररी नावाच्या फायलींकडून करून घेतो. याला डिपेंडन्सी म्हणतात. ओल्या मूर्तीच्या हाताला टेकू देतात तसंच हे. टेकू काढला की हात खाली येतो.

"मध्ये कोणी काही केलं होतं का याला?" मी विचारलं.

रंगकाम करणाऱ्या बायकांचे ब्रश थांबले.

"मीच केलं, दादा," सुजाता म्हणाली. "खंडेनवमीला सगळी हत्यारं धुतली, स्प्रेगन साफ केल्या. म्हटलं, कॉम्प्युटरपण आतून साफ करून पूजेला ठेवू."

 

तिनं आधी सिस्टिम अपग्रेड केली. मग सिस्टिमनं विचारलं, या जुन्या लायब्ररींची पॅकेजेस आता लागत नाहीत, काढू का? तिनं हो म्हटलं. कोणीही म्हटलं असतं. पण मॉडेलचा प्रोग्राम बाहेरून आणून टाकलेला. तो त्यातल्या एका जुन्या लायब्ररीवर उभा आहे, हे सिस्टिमला ठाऊकच नव्हतं. आणि नव्या आवृत्तीत ती लायब्ररी मिळत नाही.

मी जुनी शोधून आणली. तिला दुसरी हवी होती, दुसरीला तिसरी. तिसरी नव्या सिस्टिममध्ये घुसवली असती तर तिथल्या नवीशी न जुळून स्क्रीनच बंद पडली असती. त्यात कोणीतरी सारखं चहाचं विचारत होतं. अशा वेळी मला चहा विचारलेला अजिबात आवडत नाही.

शेवटी सगळ्या जुन्या लायब्ररी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि प्रोग्रामला सांगितलं, तुझं सामान इथे आहे, इथेच बघ. बाकीची सिस्टिम नवीच राहिली.

प्रोग्राम उघडला. सुजातानं माउसनं गणपती हळूहळू फिरवला. अण्णांनी खुर्ची ओढली आणि स्क्रीनवर वाकून बघितलं.

"सोंड जरा जड हाय गो."

"कमी करू?"

"कर. अजून वेळ हाय."

तिनं केली. अण्णांनी मान डोलावली. "व्हय, असा. डोळे मी आखीन." मग स्वतःच पनवेलला फोन लावला. "आमच्या सुजाताचा गणपती पाठवतोय. मशीन मोकळा ठेवा."

तेव्हापासून कुठलंही मशीन 'याची आता गरज नाही, काढू का' म्हणालं, की मी आधी विचारतो, कोणाला गरज नाही?