पिकअपचे दिवे आणि कुंकवाचं बोट

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजोबांची पिकअप पाहिलीत आणि धाकट्याने विचारलं, "आजी, तुमच्या गाडीचे दिवे असे पिवळे का? सगळ्यांचे तर पांढरे असतात." तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. शिवाय थोरली आता तिकडे परदेशात गाडी शिकते आहे. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. तुमच्या बाबांना विचाराल तर ते यातलं अर्धंच सांगतील, कारण उरलेल्या अर्ध्यात ते हरले आहेत.

आपला मळा वणीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. आजोबा शेवंती आणि झेंडू लावतात आणि पहाटे नाशिकच्या फूलबाजारात नेतात. ऊन वर आलं की फुलांना गिऱ्हाईक नाही, त्यामुळे त्यांचं निम्मं गाडी चालवणं अंधारातच होतं. काही वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी ते बाजारातून परतले, तर गाडीचा डावा आरसा गायब.

"बाभळीची फांदी लागली," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन पाहिलं. आरशाच्या तुटक्या दांडीत उसाचं पाचट अडकलं होतं.

"अहो, बाभळीला पाचट कधीपासून यायला लागलं?"

मग खरं काय ते कळलं. साखर कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिला मागे एकही दिवा नव्हता. आजोबांना ती अगदी जवळ गेल्यावर दिसली. आरशावर निभावलं. पण त्याच दिवशी तुमच्या बाबांचा फोन आला आणि थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीने, सगळं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "आता पुरे. वय झालं. पिकअप विकून टाका, फुलांना भाड्याची गाडी लावू."

आजोबांनी फोन माझ्या हातात दिला. नंतर मला म्हणाले, "गाडी गेली तर मी दिवसभर करू काय? तुझ्या बरण्यांना लेबलं लावत बसू?"

बरण्यांना लेबलं मीच लावते आणि ती सरळ लागतात, त्यामुळे हा पर्याय मला मान्य नव्हता. मी तुमच्या बाबांना म्हटलं, "डोळ्यांना दिसत नाही की दिवेच दाखवत नाहीत, हे आधी मला बघू दे." ते म्हणाले, "बघ. पण लग्नसराई संपेपर्यंतच. तोवर फरक पडला नाही, तर गाडी विकायची." आजोबांनी मान डोलावली. शब्द दिला म्हणजे दिला, असा त्यांचा स्वभाव.

आधी मी त्यांना नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर उत्तम आहे, रात्रीही गाडी चालवायला हरकत नाही. म्हणजे राहिले दिवे. जुने बल्ब खरोखरच मिणमिणते झाले होते.

पुतण्या, म्हणजे मोठ्या आजीचा मुलगा, ऐकून पुढे आला. "काकू, चिंताच सोडा. माझ्या जीपला टाकलेत तसले एलईडी टाकतो. दिवस उगवल्यासारखं वाटतं." आणि खरंच, अंगणात दिवे लावले तर गोठ्याची भिंत पांढरीशुभ्र. गायीसुद्धा उठून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबा बाजारातून आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "कालव्याजवळ धुकं होतं. समोर कोणी चादर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. आणि समोरून येणारा प्रत्येक जण डिप्पर मारून शिव्या देतो. आज एका एसटीवाल्याने तर गाडी थांबवून दिल्या."

"काका, धुक्याला मी काय करणार?" पुतण्या म्हणाला. "डोळ्यांचंच असेल."

तेव्हा मी गाडीच्या खणातलं माहितीपुस्तक काढलं. इंग्रजी आहे म्हणून ते आजवर कोणी उघडलं नव्हतं. आजोबा त्यावर चहाचा कप ठेवत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून बसले आणि ते शाळेतल्या धड्यासारखं वाचलं. थोरले, तुझ्यासाठी सांगते. हेडलाइटच्या आत वाटीसारखा चकचकीत आरसा असतो. तो एका ठरावीक जातीच्या बल्बसाठी घडवलेला असतो. त्या बल्बमधली तार नेमक्या जागी असली, तरच उजेड रस्त्यावर पडतो. एलईडीमध्ये तार नाही, प्रकाशाचे ठिपके असतात, आणि पुतण्याने बसवलेला बल्ब जुन्याशेजारी धरून पाहिला, तर ते दुसऱ्याच जागी होते. म्हणून उजेड पुष्कळ, पण थोडा झाडांवर, थोडा समोरच्याच्या डोळ्यांत. धुक्यात तोच उलटून आपल्या डोळ्यांवर येतो.

कोणता बल्ब लागतो, तो किती वॅटचा, हे मी पाठ केलं आणि आजोबांबरोबर नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी निळसर पांढरे दाखवले.

"आजी, आता हेच चालतात. पिवळे कोण घेतं?"

"ज्याला रस्ता बघायचाय तो घेतो. हॅलोजन दाखवा, चांगल्या कंपनीचे."

"मग डबल वॅटचे घ्या ना. फुल उजेड."

"आणि वायर वितळली की तुमच्याकडे येऊ?"

त्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत होते.

"आजी, गाडी तुम्ही चालवता?"

"नाही. चालवणाऱ्याला मी चालवते."

तो हसला आणि आतून हवे तेच बल्ब घेऊन आला. वॅट तेवढेच, पण उजेड लांब टाकणारे, अस्सल मालाचे. प्रत्येक बल्ब वेगळ्या खोक्यात होता.

घरी मोठी आजी ताट घेऊन तयारच होती. आपल्याकडे नवीन काहीही आलं, मिक्सर असो की फवारणीचा पंप, त्याला हळदकुंकू लागल्याशिवाय ते चालू करायचं नाही. मी पाय धुऊन येईपर्यंत त्यांनी बल्ब खोक्यातून काढून ओवाळले होते. आजोबांनी ते बसवले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना ते चक्क शीळ घालत आले. "खड्डा दिसतो, कडेची पांढरी पट्टी दिसते. धुक्यात सुद्धा," ते म्हणाले. मी जिंकले असं मला वाटलं.

पण लग्नसराई निम्मी होते न होते तोच एक बल्ब गेला. मागोमाग दुसरा गेला. आजोबा तांबडं फुटेपर्यंत रस्त्याकडेला थांबले आणि फुलं बाजारात उशिरा पोहोचली.

"काकू, तुमचे अस्सल बल्ब अस्सल निघाले," पुतण्या म्हणाला.

आजोबांनी मात्र गाडीची किल्ली खिशातून काढून देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. ते इतक्या शांतपणे केलं की मला ते टोमण्याहून जास्त लागलं. पुढचे दिवस पुतण्याच त्याच्या जीपमधून फुलं नेऊ लागला, आणि आजोबा पहाटे उठून ओट्यावर बसून राहायचे.

मी गेलेले बल्ब काढायला लावले आणि वर्तमानपत्रावर ठेवून भिंग घेऊन बसले. दोन्ही काचांवर एकाच जागी दुधाळ डाग होता आणि तिथेच काच किंचित फुगली होती. डागाच्या कडेला तपकिरी करपलेली रेघ, बोटाच्या आकाराची. मग मी रिकामं खोकं उलटं केलं. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की काचेला उघड्या हाताने शिवू नका. हा बल्ब इतका तापतो की बोटाचं तेल काचेवर राहिलं, तर तेवढ्याच जागी काच दुबळी होते आणि बल्ब लवकर जातो. आणि इथे तर नुसतं बोट नव्हतं, कुंकू चिकटावं म्हणून जाऊबाईंनी खोबरेलात बुडवलेल्या बोटाने लावलेलं हळदकुंकू होतं.

मी जाऊबाईंना दाखवलं.

"म्हंजे माझ्या कुंकवानं दिवा गेला म्हनती का तू?" त्या म्हणाल्या. चेहरा पडला त्यांचा.

"कुंकवाने नाही, जाऊबाई. काचेवर लावलं म्हणून. ते खोक्यावर लावलं असतं तर चाललं असतं."

त्या खोक्याकडे बघत राहिल्या. "खोक्याला लावलेलं देवाला पोचतं का पन?"

"पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेलं लग्नाला पोचतं की नाही?"

हे त्यांना पटलं. त्या उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आन मग दुसरे. बघते कोन हात लावतंय त्यांना."

त्याच दुकानातून तेच बल्ब आणले. या वेळी मोठी आजी दारातच उभी होती. खोक्यांना हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या. मग आजोबांनी स्वच्छ सुती फडक्यात धरून, फक्त पत्र्याच्या बुडाला पकडून, बल्ब बसवले. पुतण्या मदतीला वाकला तर त्या ओरडल्या, "ए, हात मागं घे. लय तेलकट हाय तुझा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आजोबांशेजारी बसले. मागे फुलांच्या करंड्या, बाहेर दाट धुकं. आजोबांनी दिवे लावले आणि मऊ पिवळा उजेड रस्त्याला चिकटून लांबवर गेला. कडेची पट्टी दिसत होती, साइनबोर्ड वाचता येत होते. समोरून एसटी आली आणि काही न बोलता निघून गेली. कालव्याच्या पुढे आजोबांनी गाडी हळू केली. मला काहीच दिसत नव्हतं.

"काय झालं?"

"ट्रॉली," ते म्हणाले. "उसाची. दिवा नाही."

मग मलाही दिसली. कितीतरी पुढे होती. आजोबांनी सावकाश गाडी बाजूला घेतली, तिच्याजवळून नेली आणि नवीन आरशात तिच्याकडे एकदा पाहून घेतलं.

"बाभूळ होती," ते म्हणाले.

मी बाजारातूनच तुमच्या बाबांना फोन लावला. तिकडे रात्र असेल याची पर्वा केली नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरं. नाही विकत. आरसा मात्र पाठवतो, चांगल्या कंपनीचा." मी सांगितलं की आरसा बसवून झाला आहे. पुढच्या आठवड्यात पुतण्या जीप घेऊन अंगणात आला आणि मला विचारू लागला, "काकू, माझ्या गाडीला कोणत्या नंबरचा बल्ब लागतो, तेवढं तिच्या पुस्तकात बघता का?" मी बघितलं. मोठ्या आजीने त्याला आधी हात धुवायला पाठवलं.

हळदकुंकवाची ती दोन खोकी देवघराच्या फळीवर आहेत. बल्ब अजून चालू आहेत, आणि किल्ली आजोबांच्या खिशात असते.