कलमबाईंची दुरुस्ती

माझी मावशी एकतीस वर्षं कर खात्यात होती. शेवटची बारा वर्षं तिच्याकडे वारसांचं टेबल होतं. माणूस गेला की त्याचं राहिलेलं रिटर्न कोणी भरायचं, कसं भरायचं, ते बघणारं टेबल. तिथे येणारा एक तर रडवेला असायचा, नाहीतर भांडायच्या तयारीने आलेला. मावशी दोघांना सारखंच वागवायची. आधी खुर्ची, मग पाणी, मग कायद्याचं कलम. ऑफिसात तिला कलमबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं. घरी आम्हीही म्हणायचो, आणि तेही तिला ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर सात महिन्यांत तिने घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली. काकांच्या चष्म्यांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून त्यांची फाइल केली. शेवटी काकांनी मला फोन केला. "हिच्यासाठी काहीतरी काम बघ गं. नाहीतर आता ही मलाच नोटीस काढणार."

मी कार्टून बनवणाऱ्या एका स्टुडिओत काम करते. टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. माणसं दुसरे लोक काढतात, मी त्यांच्या मागच्या भिंती, खिडक्या, जिने रंगवते. तेव्हा आमच्याकडे नवीन विनोदी मालिका आली होती, ‘करामती कुटुंब’. खाली कर खात्याचं ऑफिस, वर एका कारकुनाचं बिऱ्हाड, आणि दर भागात काहीतरी घोटाळा. लोकांनी हसावं आणि हसता हसता त्यांना नियमही कळावेत, अशी चॅनलची इच्छा. त्यासाठी खात्यातला एक जाणकार माणूस सल्लागार म्हणून हवा होता. मी मावशीचं नाव सुचवलं. पुढे जे काही झालं त्याचं खापर कोणी माझ्यावर फोडलं, तर मी नाही म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी लेखकाने पहिला भाग वाचून दाखवला. लेखक चाळिशीचा, किडकिडीत, स्वेटरच्या बाहीतले धागे ओढत बसायची सवय असलेला. त्याच्या गोष्टीत एक दुकानदार पावत्या लपवतो आणि मोठे साहेब त्याच्याच कपाटातून उडी मारून त्याला पकडतात. आम्ही सगळे हसलो. मावशीने शाळेत करतात तसा हात वर केला.

"साहेब कपाटात का आहेत?"

"विनोद आहे तो, मावशी," लेखक म्हणाला. मी मावशी म्हणते म्हणून पहिल्या तासातच सगळा स्टुडिओ तिला मावशी म्हणायला लागला होता.

"ते कळलं. पण कुठल्या अधिकारात आहेत? झडतीला लेखी आदेश लागतो. दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार कुठे आहेत?"

"तेही कपाटातच आहेत असं समजा."

मावशीने वहीत लिहिलं: साक्षीदार कपाटात. पटत नाही.

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. वीस मिनिटांच्या भागावर मावशीची अकरा पानी टिपणं यायची. सगळं कुटुंब धापा टाकत शेवटच्या क्षणाला पोचतं, खिडकी बंद होत असते, आणि कारकून फटीतून अर्ज आत सरकवतो. त्यावर मावशी म्हणाली, "पोच मिळाल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही. फटीतून पोच कशी मिळाली?" घरातली धाकटी मुलगी कायम आठ वर्षांची. "रिटर्नची मुदत मालिकेत दोनदा येऊन गेली. ही पोरगी आठाची नऊ होत नाही, आणि बाप तिच्या नावाची सवलत घेतोय." पण तिचं डोकं सर्वांत जास्त फिरलं ते सहाव्या भागाला.

"पाचव्या भागात याला नोटीस आली होती," ती म्हणाली. "तिला उत्तर दिलं का याने?"

"मावशी, प्रत्येक भाग कोऱ्या पाटीवर सुरू होतो," लेखक म्हणाला. तोही आता वैतागला होता. "मागचं घर जळलेलं असलं तरी पुढच्या भागात ते उभं असतं. अशा मालिकांचा तो शिरस्ताच आहे. लोकांना तेच आवडतं."

"न आवडायला काय झालं? मलाही आवडेल. पण नोटीस अशी विरघळत नाही हो!"

"खरं ऑफिस दाखवलं तर लोक चॅनल बदलतील. तीन माणसं ताटकळतायत, एक जण शिक्का शोधतोय. यात गोष्ट कुठे आहे?"

"तुम्ही कधी तिथे दिवसभर बसलायत? दिवसाला चाळीस गोष्टी असतात तिथे. तुम्हाला दिसत नाहीत त्याला मी काय करू?"

शेवटी आमच्या दिग्दर्शिकेने दोघांना समोर बसवून तह केला. गोष्ट लेखकाची, नियम मावशीचा. साहेब कपाटातून येवोत की छतातून, मावशी बोलणार नाही. पण पात्राच्या तोंडी एखादा नियम आला, तर तो मावशी म्हणेल तसाच जाईल. लेखकाने मान डोलावली. मावशीने तह लिहून घेतला, तारीख घातली, आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

दोन-तीन महिने बरे गेले. मग अकरावा भाग आला.

त्यात शेजारचे आजोबा वारतात. पहिल्या भागापासून खिडकीत बसून सगळ्यांना टोमणे मारणारे. पाठीमागे राहिलेल्या आजींना त्यांचं शेवटचं रिटर्न भरायचं असतं. लेखकाने तो प्रसंग अगदी साधा लिहिला होता. घरातलं टेबल, समोर कंप्युटर, आजी एकेक कागद पुढे करतात आणि कारकून तो भरून घेतो. एकही विनोद नाही. एका जागी आजी म्हणतात, "जन्मतारीख त्यांची खरी टाकू की शाळेतली?"

मावशीने वाचलं आणि पान परत सरकवलं. "हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"घरून होत नाही हे. वारसाला स्वतः यावं लागतं, मूळ दाखला घेऊन. समोरासमोर पडताळणी होते. बारा वर्षं मी स्वतः केलीय."

"माझ्या माहितीप्रमाणे आता घरूनच होतं," लेखक म्हणाला.

"तुमच्या माहितीप्रमाणे साहेब कपाटात राहतात."

सगळे खो खो हसले. मीही हसले. लेखक बाहीचा धागा ओढत होता. "एकदा बघा तरी," तो म्हणाला.

"बघायचं काय त्यात?"

तहाप्रमाणे प्रसंग बदलला. घरातलं टेबल गेलं आणि वारसांचं काम जिथे चालतं त्या शहरातल्या मोठ्या ऑफिसचा उंच जिना आला. स्वतः यावं लागेल असं कारकून सांगतो, म्हणून काठी टेकत, पिशवी छातीशी धरून आजी एकेक पायरी चढतात, वर पोचून रांगेत उभ्या राहतात. मी नऊ दिवस तो जिना रंगवत होते. माझी मान धरली, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनेही त्यात दोन रविवार घातले. खोटं कशाला बोलू, जिना सुरेख जमला होता. भाग लागला तेव्हा कितीतरी लोकांनी रडल्याचं कळवलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मावशी माझ्या टेबलाशी उभी राहून एका खिडकीच्या गजांबद्दल हुज्जत घालत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. तिच्या हाताखाली तयार झालेली आणि आता तिच्याच टेबलावर बसणारी बाई बोलत होती. आवाज इतका चढलेला की मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, वारसाने स्वतः यायचं असं कार्टूनवाल्यांना तुम्ही सांगितलंत का?"

"हो. मग?"

"अहो, वर्ष झालं ते बंद होऊन! परिपत्रक निघालंय. सगळं घरून होतं. आणि या आठवड्यात सहा जण इथे येऊन उभे राहिले. आता एक बाई आल्यात, दोन महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. दोन बस बदलून, जिना चढून आल्यात. टीव्हीवर आजींना यावं लागलं म्हणून मीही आले, म्हणतायत. मी काय सांगू त्यांना?"

मावशीचा चेहरा मी लहानपणापासून बघतेय. तो असा पडलेला मी कधीच पाहिला नव्हता.

"त्यांना खुर्ची दे," ती म्हणाली. "मी येतेय."

मी तिला एकटीला सोडलं नाही. ऑफिसात त्या बाई बाकावर बसल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या, बोटावर सुयांच्या टोचणीचे काळे ठिपके, मांडीवर कापडी पिशवी. त्या चिडलेल्या असत्या तर मावशीला सोपं गेलं असतं.

"तुम्हाला यायची गरज नव्हती," मावशी सरळ म्हणाली. "टीव्हीवर दाखवलं ते चूक होतं. मी सांगितलं होतं तसं दाखवायला."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही आहात त्या कार्टूनमध्ये?"

"नाही हो. मी त्याच्या मागे असते."

"मग असू दे," त्या म्हणाल्या. "त्या आजी चढल्या ना, म्हणून म्हटलं, आपणही चढू. नाहीतर ऑपरेशनपासून मी दाराबाहेर पडलेच नव्हते."

मावशीला हे ऐकून बरं वाटलं असेल असं कोणाला वाटेल. ती आणखी वैतागली. "माझी समजूत काढू नका. पायाला काही झालं असतं म्हणजे?" मग तिथल्याच कंप्युटरवर ती त्यांचा अर्ज भरायला बसली. नवीन अर्ज तिने कधी पाहिलाच नव्हता. तीनदा चुकीचं बटण दाबलं. शेवटी तिच्या जुन्या शिष्येने माउस काढून घेतला आणि बारा मिनिटांत काम संपवलं. मावशी शेजारी उभी राहून बघत होती, इतर लोक तिच्या टेबलापाशी उभे राहायचे तशी.

बाईंना टॅक्सीने घरी सोडलं, पायऱ्या चढवून दिल्या. परतताना मावशी खदखदत होती.

"परिपत्रक काढलं आणि मला कोणी कळवलं नाही!"

"मावशी, तू निवृत्त झालीयेस."

"म्हणून काय झालं?"

दोन सिग्नल गेले.

"विचारायला हवं होतं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "एक फोन करायचा होता. तो म्हणाला होता, एकदा बघा तरी म्हणून."

दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर ती उभी राहिली. "अकराव्या भागातला नियम चुकला. चूक माझी आहे, यांचं बरोबर होतं." मग लेखकाकडे वळली. "तुम्हाला कसं माहीत होतं?"

"मी भरलंय ते," लेखक म्हणाला. "सात-आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. आईजवळ बसून भरलं. जन्मतारखेचं ती विचारत होती."

मला माझं हसणं आठवलं आणि मान खाली गेली.

मावशी मात्र भडकली. "मग बोललात का नाहीत? साक्षीदारांवरून माझ्याशी अर्धा अर्धा तास भांडता, आणि भांडायचं तिथे तोंड शिवून बसलात?"

"सगळे हसले, मावशी. त्यानंतर बाबांचं काढावंसं वाटलं नाही. आणि सल्लागार तुम्ही होतात."

मावशी खाली बसली. मग म्हणाली, "ती कपाटाची थट्टा करायला नको होती मी."

"थट्टा चांगली होती," लेखक म्हणाला. "वेळ चुकली."

आता दुरुस्तीचं काय? गेलेला भाग पुन्हा काढायला चॅनल तयार होईना. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ टाकू, म्हणाले. मावशी उसळली. "बारीक अक्षरं कोण वाचतं? मी आयुष्यभर छापली, एकाने वाचली नाहीत!"

मग लेखकानेच स्वतःचा शिरस्ता मोडला. तेराव्या भागाची सुरुवात आधीच्या गोष्टीतून झाली. आजी पाय शेकत बसल्यात आणि कारकून दारात उभा. "आजी, तुम्हाला यायची गरज नव्हती. मी नियम न बघताच सांगितलं." आजी त्याला पाच मिनिटं फैलावर घेतात, आणि ती पाच मिनिटं, खरं सांगते, मालिकेतली सर्वांत विनोदी पाच मिनिटं आहेत. त्यातल्या अर्ध्या शिव्या मावशीने सुचवल्या होत्या. पुढे कारकून दुसऱ्या एका शेजाऱ्याचं काम घरच्या टेबलावर करून दाखवतो. ऑफिसातली वारसांची गर्दी महिन्याभरात थांबली. अगदी शेवटपर्यंत एकूण एकोणीस जण विनाकारण आले होते. मावशीने प्रत्येकाचा पत्ता मिळवून पत्र लिहिलं. दोघांनी उत्तर पाठवलं, त्यातल्या एकाचं बरंच तिखट होतं.

आता ती दर सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन नवी परिपत्रकं वाचते. तिची शिष्या मला फोन करून म्हणते, तुमच्या मावशीला आवरा. टिपणं अजून अकरा पानीच असतात, फक्त प्रत्येक नियमापुढे तो कोणाला विचारला आणि कधी, ते लिहिलेलं असतं. लेखकही आता गप्प बसत नाही, त्यामुळे बैठका दुप्पट लांबल्यात आणि मला जेवायला तीन वाजतात.

सध्या दोघांचं कुत्र्यावरून वाजलंय. नव्या भागात कुटुंबाच्या कुत्र्याला स्पर्धेत मोठं बक्षीस मिळतं आणि साहेब कुत्र्यालाच नोटीस काढतात. लेखक म्हणतो, गंमत त्यातच आहे. मावशी म्हणते, नोटीस मालकाला जाते, आणि कुत्र्याला सही येत नाही. कुत्रं कुठल्या रंगाचं काढायचं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.